वीस मिनिटांवरचं सनिराजाक

उयारासुकनं आकाशाकडे बघून काहीतरी पुटपुटलं आणि भरलेलं विमान माघारी फिरवलं, अशी कुजबुज उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या इग्लूलिक गावात वर्षभर चालली होती. तिच्या घराण्यात जुनी मंत्रविद्या होती म्हणे. ही बातमी पसरवण्यात माझाही थोडा हात आहे. नाकारत नाही.

मला तिच्या वडिलांचं नाव ठेवलेलं, आणि आमच्यात ज्याचं नाव त्याचंच नातं. त्यामुळे सत्तरीची ही बाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असून मला 'बाबा' म्हणते, आणि मी तिला 'पोरी'.

त्या एप्रिलात तिची धाकटी बहीण कुप्पाक तिकडे शेजारच्या सनिराजाक गावात आजारी पडली. चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. मागत होती एकच: ताईच्या हातचं इगुनाक. म्हणजे उन्हाळाभर गोट्यांखाली पुरून आंबवलेलं वॉलरसचं मांस. उयारासुकनं ते बाहेर काढलं की आमच्या तोंडाला पाणी सुटतं आणि शाळेतले दक्षिणेकडचे मास्तर खिडक्या लावून घेतात.

विमानतळावर तिकिटाच्या खिडकीमागच्या लीटियानं पिशवी बघूनच नाक दाबलं.

"आजी, हे विमानात नाही चालत. मागच्या वेळी पायलट आठवडाभर माझ्याशी बोलला नाही."

"अगं, सत्तर किलोमीटर तर जायचं. वीस मिनिटं!"

"वीस मिनिटं श्वास कोण धरून बसेल? तुम्ही जा, पिशवी राहू दे."

"मी जाऊन काय करू? तिला माझं डोकं खायला देऊ?"

तिथून ती तरातरा माझ्या दारात. "बाबा, स्नोमोबाइल काढा."

"पोरी, कंबर मोडेल तुझी."

"मोडली तर तुमच्याच लेकीची मोडेल. काढा!"

मागच्या घसरगाडीवर तिला कॅरिबू हरणांच्या कातड्यांत गुंडाळून बसवली आणि निघालो. अर्ध्या वाटेवर दोन शिकारी भेटले, म्हणून चहाला थांबलो. तेवढ्यात विमान डोक्यावरून गेलं.

"बघा, तुमचा चहा संपायच्या आत उतरेल ते," एकजण खिदळला.

उयारासुक उठून उभी राहिली. वर बघत होती, ओठ हलत होते. आम्ही दुसरा कप ओततोय तोच विमान परत आमच्या डोक्यावर, इग्लूलिककडे तोंड करून. सनिराजाकच्या धावपट्टीवर धुकं होतं. शिकाऱ्यांनी कप खाली ठेवले आणि एकमेकांकडे पाहिलं. मीही चेहरा गंभीर केला. एवढी मजा कोण सोडतो?

पुढे धुक्यात आम्ही शिरलो ते वाऱ्यानं बर्फावर काढलेल्या वळ्यांवरून दिशा धरत. पोचायला दोन तास जास्त लागले.

कुप्पाक कुशीवर पडली होती. "केवढा उशीर! विमान वीस मिनिटांत येतं."

"विमानातल्यांना नाकं असतात, बाई. उघड तोंड."

कुप्पाकनं एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग ताईचा हात ढकलून स्वतःच तिसरा उचलला. "आईचं याहून बरं व्हायचं," म्हणाली. उयारासुक भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत बसली.

विमान तीन दिवसांनी उतरलं. चहाच्या वेळी बर्फावर उयारासुक प्रार्थना करत होती, असं तिनं तेव्हा सांगितलं: विमान सुखरूप उतरू दे. कुप्पाकची औषधं त्यातच होती.