जमिनीला लागलेली डिस्क

पांढरीशुभ्र डिस्क आमच्या अंगणात पहिल्यांदा उतरली ती थेट बाबांच्या फुलांच्या परडीवर. पहाटेच्या गारव्यात ओल्या पंच्यानिशी त्यांनी एकेक करून खुडलेली जास्वंद, तगर, पिवळी कण्हेर – सगळी धुतलेल्या फरशीवर विखुरली आणि फाटकापलीकडून सुमीचं खिदळणं ऐकू आलं. बाबा पौरोहित्य करायचे. जमिनीला लागलेलं फूल देवाला चालत नाही, हा आमच्या जठारपेठेतल्या घरचा नियम. झाडाखाली आपणहून सडा घालणारा प्राजक्त तेवढा त्याला अपवाद. बाबा रागावले नाहीत. रिकामी परडी उचलून ते पुन्हा झाडांकडे गेले, आणि मी ती प्लास्टिकची, गुळगुळीत, थंडगार, कडेला बोटभर वळलेली थाळी हातात धरून उभी राहिले.

सुमी माझ्याच वर्गातली. मोर्णेच्या काठी तिच्या घरच्यांचा झेंडूचा आणि पालेभाजीचा मळा होता, जुन्या शहरात फुलांचं दुकान होतं, आणि रोज सकाळी सायकलवरून आमच्या गल्लीत हार पोचवायचं काम तिचं. तिच्या अंगाला नेहमी झेंडूचा तो उग्र, कडवट वास यायचा... आजही बाजारातून जाताना तो वास आला की मी मान वळवून बघते.

डिस्क आमच्या शाळेच्या सरांनी कुठल्याशा शिबिरातून आणली होती, आणि त्या दिवसापासून ती सांभाळायला माझ्याकडेच राहिली. क्रिकेटवाली पोरं तिला ताटली म्हणायची आणि आम्हाला ताटलीवाले. सात-सात जणांचा खेळ, मुलं-मुली एकत्र. पंच नाही, चूक झाली तर ती आपल्याच तोंडानं सांगायची. डिस्क हातात आली की पळायचं नाही, जागीच थांबायचं, आणि समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी मोठमोठ्यानं दहापर्यंत आकडे मोजत असताना ती आपल्या माणसाकडे फेकायची. जमिनीला लागली की दुसऱ्यांची, समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की गुण. हिवाळ्याच्या सकाळी दवानं ओलावलेली काळी माती बुटांना चिकटून बूट जड व्हायचे, कापसाच्या जिनिंगकडून सरकीचा तेलकट वास यायचा, आणि धुक्यातून तरंगत येणारी ती पांढरी थाळी अगदी हाताशी येईपर्यंत दिसायचीच नाही.

सरांनी आमच्या दोन फळ्या केल्या होत्या. गुणाच्या सुरुवातीला डिस्क आपल्याकडे येणार असेल तेव्हा आक्रमणाची फळी, समोरच्यांकडे जाणार असेल तेव्हा बचावाची. बघणाऱ्याला वाटतं, शूर ते आक्रमणात आणि भित्रे ते बचावात. साफ खोटं. आक्रमणातल्या माणसाकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं, म्हणून तो जपतो, मोजूनमापून, सोपा माणूस बघून फेकतो. बचावातल्याकडे काहीच नसतं, त्यामुळे तो वाट्टेल त्यावर झेप घेतो. मला सरांनी आक्रमणात घेतलं ते माझ्या हातून काही पडत नाही म्हणून. कसं पडणार? काठोकाठ भरलेलं पंचपात्र न हिंदकळता देवघरापर्यंत नेण्यात माझं सगळं लहानपण गेलं होतं. डिस्क हातात आली की मला ती खुडलेली जास्वंदच वाटायची. आणि सुमी? ती बचावात. तिच्या कोपरांवरच्या खपल्या कधी पूर्ण वाळल्याच नाहीत, त्यांवर कायम हळद.

दहावीच्या वर्षी अमरावतीचे सामने ठरले आणि त्याच सुमारास आत्या आमच्याकडे राहायला आली. "गुरुजीची मुलगी पोरांसोबत मातीत लोळून राहिली," हे तिनं स्वयंपाकघरात, देवघरात आणि अंगणात, तिन्ही ठिकाणी म्हणून घेतलं. बाबांनी मला बोलावलं. "अमरावतीला जाऊन ये," ते म्हणाले. "त्यानंतर ती डिस्क माळ्यावर. कायमची." मी हो म्हणाले. मिळालेली परवानगी हातून निसटू नये म्हणून पुढचे दिवस मी घरात पावलांचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. वेळेच्या आधी परतायचं, मळलेले कपडे आपले आपण धुवायचे, आत्याच्या पायांना तेल लावायचं... म्हणजे घरातही मी आक्रमणाच्याच फळीत, जपत, सांभाळत, काही पडू न देता.

अमरावतीला आम्ही एसटीनं गेलो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा सुमीनं खिडकीतून पेरू घेतले. दिवसभर सामने खेळून, मधेच गरमागरम गिला वडा खाऊन आम्ही अंतिम सामन्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गुणसंख्या बरोबरीची, एकच गुण उरलेला. आधीचा गुण आम्ही केला होता, म्हणून डिस्क त्यांच्याकडे फेकायची. उतरायचं होतं बचावाच्या फळीनं. नेमका त्या फळीतल्या एका मुलाच्या पोटरीत गोळा आला आणि सरांनी माझ्याकडे बोट केलं.

 हा गुण गेला की सामना जाणार, आणि सामना गेला काय किंवा राहिला काय, घरी परतल्यावर डिस्क माळ्यावर जाणारच होती. सुमीनं माझा चेहरा पाहिला.

"काहून भिऊन राहिली वं?"

"माझ्यानं गेली तर, सुमे?"

"थे आपल्या हातात हाये कुठं? जे आपलं नाहीच, थे जाईन कसं? तू फक्त घ्याले जाय."

डिस्क गेली. त्यांच्या एका उंच मुलीच्या हातात आली, आणि मी तिच्यासमोर हात पसरून उभी राहिले. मोजायला सुरुवात केली तेव्हा आवाज जेमतेम तिच्यापर्यंत पोचत होता. मग तो मोठा झाला, इतका की मला माझाच ओळखू येईना. तिची नजर सैरभैर झाली. तिनं घाईनं डिस्क फेकली आणि मी... मी आयुष्यात पहिल्यांदा जमीन सोडली. बोटांचा नुसता स्पर्श झाला, डिस्क मातीत कोसळली, मागोमाग मी. काहीतरी जमिनीवर पडलं होतं आणि ते पाडल्याचा मला आनंद झाला होता! उठेपर्यंत सुमीनं डिस्क उचलून लांबवर, पार टोकाच्या रिकाम्या पट्ट्यात भिरकावली होती. मी धावले. पोचलेही. दोन्ही हातांत आली, आणि रक्तामातीनं चिकट झालेल्या बोटांतून सुटून खाली पडली.

पुढच्या तीन-चार फेकींत त्यांनी गुण घेतला. आम्ही हरलो. कधीही काही न पाडणाऱ्या माझ्या हातून सगळ्यांत मोलाचं तेच पडलं होतं. तरी मी उभी होते, श्वास चालू होता, कोपर ठणकत होतं आणि सुमी माझ्या पाठीत धपाटा घालत होती.

घरी आले तेव्हा बाबा झोपाळ्यावर होते. माझ्या कोपराकडे बघून आईनं हळदीचा डबा काढला.

"हरलात?" बाबांनी विचारलं.

"हो."

"बरं. ठेव आता ती माळ्यावर."

"नाही ठेवणार," मी म्हणाले. "दहावीही करेन आणि खेळेनही."

"आपलं ठरलं होतं."

"तुम्ही ठरवलं होतं. मी घाबरून हो म्हटलं होतं."

आत्यानं जप थांबवला. बाबा झोपाळ्यावरून उठले आणि देवघरात गेले. ती काही परवानगी नव्हती. मी मागितलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्क घेऊन बाहेर पडले, फाटक मुद्दाम वाजवलं, आणि आजतागायत मी खेळते आहे.

ते मैदान आता नाही. तिथं प्लॉट पडले, घरं उठली. मी दुसऱ्या मैदानावर मुलींना शिकवते. सुमीचा खेळ मात्र बारावीनंतर सुटला. तिचे वडील अंथरुणाला खिळले, मळा आणि दुकान तिच्या अंगावर आलं, मग लग्न होऊन ती मूर्तिजापूरला, पुन्हा एका मळ्यातच गेली. तिनं कधी तक्रार केली नाही. मी करते, अजूनही करते. तिच्यासारखी झेप मी पुन्हा कुणाची पाहिलेली नाही, आणि ती झेप कोथिंबिरीच्या जुड्या बांधण्यात संपावी हे मला मान्य नाही. फोनवर विषय काढला की ती हसते. म्हणते, "आता कुठं वं..."

आज सकाळी मूर्तिजापूरला निघण्यासाठी उठले तर बाबा प्राजक्ताखाली बसले होते. गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून वाकण्याऐवजी ते सरळ बसूनच फुलं वेचतात, आणि वेचून ठेवतात ती माझ्या त्या जुन्या, चरे पडलेल्या डिस्कमध्ये. केव्हापासून, ते मी कधी विचारलं नाही.

"बाबा, ती हवी होती. सुमीकडे चालले आहे."

त्यांनी फुलं अलगद परडीत ओतली, पंच्यानं डिस्क पुसली आणि माझ्याकडे दिली. "खेळते का ती अजून?"

"खेळेल."

डिस्कच्या कडेला देठांचा केशरी रंग तसाच राहिला आहे. तिला मांडीवर घेऊन मी एसटीत बसले आहे. सुमी म्हणेल, आता कुठं. म्हणू दे. मी तिच्या हातात ही डिस्क ठेवणार, दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभी राहणार, आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मोजायला सुरुवात करणार.