फोटिनीचे मोजलेले दिवस

समोरच्या घरातली फोटिनी एक्केचाळीस वर्षांची, पण कागदोपत्री अजून ‘तरुण संशोधक’. मी चिडवायचे, “अगं, तुझ्या वयात मला नातू झाला होता!”

“डॉक्टरेटनंतर आठ वर्षं तरुणच धरतात, मावशी,” ती हसून म्हणायची.

कायमची नोकरी कुठे मिळेना. मग शिष्यवृत्त्यांवर दोन वर्षं ल्युब्लियानात, दोन वर्षं लिस्बनमध्ये. जरा ओळखीपाळखी झाल्या की बोचकं बांधायचं. विषय मात्र ग्रीसमधल्या आमच्या कवाला गावाचाच: तंबाखूच्या वखारीत पानं निवडणाऱ्या बायका. तिची आई स्तमातिया त्यातलीच. लेक परदेशात भाड्याच्या खोलीत बसून आईच्या आयुष्यावर लिहितेय आणि आई इथे एकटी जेवतेय. जळलं मेलं ते शिक्षण, असं मी तोंडावर म्हणायचे.

शेवटी थेस्सलोनिकीची शिष्यवृत्ती निघाली, इथून दोन तासांवर. अर्ज सप्टेंबरात. पण नियम असा, की आधीच्या तीन वर्षांत मायदेशात बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. मधे काम नव्हतं तेव्हा फोटिनी इथे दहा महिने राहून गेली होती. स्तमातियानं नियम ऐकला आणि चर्चच्या कॅलेंडरांवर, लेक घरी होती त्या एकेका दिवसावर, पेन्सिलनं फुल्या मारायला घेतल्या.

जुलैत स्तमातियाच्या छातीत दुखायला लागलं. फोटिनीला कळवायला मी फोन उचलला तर तिनं हातातून ओढून घेतला.

“कल्लिओपी, तिला कळवलंस तर याद राख! बारा महिन्यांतले चारच दिवस उरलेत. आत्ता आली की पोरीचं सगळं पाण्यात.”

“मसणात गेलं ते पाणी! तू मरायला टेकलीयस.”

“मग काय झालं? ती परत येतेय ना कायमची?”

लेकीला फोनवर मात्र गोड आवाजात, “इथे ऊन मरणाचं आहे गं, येऊ नकोस.” मीही गप्प बसले. ऑगस्टात स्तमातिया गेली. फोटिनी पुरायला तेवढी आली आणि तिसऱ्या दिवशी लिस्बनला परत गेली.

फेब्रुवारीत शिष्यवृत्ती मिळाली. घर उघडायला आली, तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं आणि भिंतीवरची कॅलेंडरं दाखवली. ती बराच वेळ फुल्यांवर बोट फिरवत राहिली.

“हा ईस्टर. हे ख्रिसमसचे. हा आदल्या वर्षीचा ऑगस्ट.” तिनं बोट उचललं. “मावशी, सुट्ट्या त्या बारा महिन्यांत धरत नाहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे जुलैत मी येऊ शकत होते. महिनाभर राहू शकत होते.”

मी आयुष्यभर बडबड केली आणि नेमकी तेव्हा गप्प बसले.

फोटिनीनं कॅलेंडरं काढून टेबलावर ठेवली, खोडरबर शोधलं आणि ईस्टरच्या फुल्या एकेक करून खोडायला लागली. मी तिला थांबवलं नाही.