मशीनची सोबत

ट्रकने माल धाडायचा तर त्याच्याबरोबर घरचं माणूस बसवायचं, ही आमच्या नगरातली पक्की समजूत. मालक डोळ्यांसमोर असला की कोणी हयगय करत नाही म्हणे. एकाहत्तर साली मी राजूरला मुलींचा शिवणवर्ग काढायचं ठरवलं आणि शिलाई मशीन घेतलं, तेव्हा आईने मलाच त्याच्यासोबत धाडलं. सासर सोडून आले होते मी. वर्ग चालला तर माझं पोट चालणार होतं, नाहीतर जन्मभर भावाच्या दारात.

मी केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी फळीवर बसले. मशीन मागे, गोणपाटात गुंडाळलेलं. संगमनेरला ड्रायव्हरने राजूरच्या बाजारासाठी मिठाची पोती भरली, तीही मशीनला खेटून. मी खाली उतरून ओरडले.

"बाई, तुमी कशाला काळजी करता? जबाबदारी माझी हाय," तो म्हणाला.

राजूरला उतरवलं तर मशीनचा बिडाचा पाय मोडलेला. वर्गाला नावं दिलेल्या मुली भोवती उभ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुठं गेली तुमची जबाबदारी?"

"रस्ताच तसला हाय, त्याला मी काय करू?"

नगरला परतले ती तरातरा ट्रान्सपोर्ट कचेरीत गेले. कारकुनाने पावतीवरच्या छापील ओळीवर बोट ठेवलं. जोखीम मालाच्या मालकाची. वर म्हणतो, "आणि तुम्ही तर स्वतः सोबत होता. मालकाच्या देखत मोडलं, आम्हाला काय विचारता?"

म्हणजे राखणीला बसले हाच माझा गुन्हा! वकील मामेभाऊ म्हणाला, दावा लाव, जिंकशील. किती वर्षांनी, ते मात्र सांगेना.

मशीन नगरला आणून नवा पाय बसवला आणि पुन्हा त्याच कचेरीची पायरी चढले, कारण राजूरला दुसऱ्या कोणाची गाडीच जात नव्हती. या खेपेला चढं भाडं भरलं आणि पावतीवर 'जोखीम कंपनीची' असं लिहून घेतल्याशिवाय हलले नाही.

"सोबत कोण बसणार?" कारकुनाने विचारलं.

"कोणी नाही."

सोबतीशिवाय मशीन धाडलं म्हणून आई दिवसभर धुसफुसत होती. मी एसटीने राजूर गाठलं.

ट्रक आला. मी मागच्या बाजूला धावले, तर तोच ड्रायव्हर म्हणाला, "तिकडं न्हाई, हिकडं या." मशीन केबिनमध्ये, त्याच्या शेजारी, दोरीने घट्ट बांधलेलं. खाली त्याची स्वतःची गोधडी.

"लई जपून आनलं बघा, बाई. काय झालं असतं तर शेटनं माझ्या पगारातनं कापलं असतं."

त्याच फळीवर नगर ते राजूर मी बसून आले होते. तेव्हा गोधडी नव्हती.