मापसाहेब ऑइल बदलतात

मापसाहेबांनी एकतीस वर्षं दुकानदारांची वजनंमापं तपासली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं किलोचं वजन, जाड बुडाचं लिटरचं माप, सगळं त्यांनी पकडलं होतं. नोकरी संपली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, तरी ते आधी यंत्राकडे बघत आणि मग डॉक्टरांकडे.

गॅरेजवाल्यांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. एकदा गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी त्यांनी ऑइल फिल्टरच्या बुडाला बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला. गाडी परत आली तेव्हा बिलात नवा फिल्टर होता आणि गाडीखाली तोच लाल ठिपका. त्या दिवसापासून ऑइल घरीच बदलायचं ठरलं. गाडी ही काही त्यांची हौस नव्हती. मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकोला डायलिसिसला न्यावं लागे. दहाच्या ठोक्याला पोचलं नाही तर खाट दुसऱ्या पेशंटला जायची. आणि दुसऱ्या कुणाच्या हाती तिला सोपवायचं, हे साहेबांच्या स्वप्नातही येत नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, गाडी रॅम्पवर चढवली आणि पाठीखाली जुनी चादर घालून खाली शिरले. इंजिनाखालचा नट सोडला, काळं ऑइल टबात येऊ दिलं आणि नट परत आवळला. नवा फिल्टर मात्र त्यांनी उन्हात नेऊन भिंगाखाली धरला. डुप्लिकेट माल काय कमी येतो? छपाई पाहिली, खोक्यावरचा नंबर ताडला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही केलं. जुना फिल्टर त्यांनी पट्टा पान्याने सोडवला आणि न बघताच टबात टाकला. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा, तो तर त्यांनी स्वतःच बसवला होता! नव्याच्या रबरी रिंगेला बोटाने ऑइल चोळलं, हाताने घट्ट आवळला, वरून नरसाळ्याने ऑइल भरलं. इंजिन चालू करून दोन मिनिटं खाली पाहिलं. कोरडं ठाक.

सोमवारी सकाळी गाडीखाली बशीएवढा काळा डाग होता.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती थेट शेजारच्या मास्तरांच्या दारावर जाऊन बसली. हे मास्तर ड्रायव्हिंग शिकवायचे. दिवसभर "क्लच! क्लच!" ओरडायचे म्हणून सगळी गल्ली त्यांना क्लचमास्तर म्हणे. मागच्याच महिन्यात त्यांनी पार्किंगची जागा बदलून मागितली होती, आणि साहेबांनी साफ नाही म्हटलं होतं. म्हणजे इथेच पाणी मुरत होतं. साहेबांनी कमी झालेलं ऑइल भरलं, कुणाला काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळी पावडरचा अख्खा डबा गाडीभोवती भुरभुरवला. पाऊल उमटलं की चोर सापडला.

मंगळवारी सकाळी पावडरीत मांजराची पावलं होती. डाग ताटाएवढा झाला होता.

"बघितलंस? किती बेरकी माणूस आहे. पाऊलसुद्धा उमटू दिलं नाही," साहेब बायकोला म्हणाले.

"अहो, नऊ वाजले," ती एवढंच म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच ऑइलचा लाल दिवा लागला. साहेबांनी इंजिन बंद केलं आणि तरातरा जाऊन मास्तरांचं दार बडवलं. "माझ्याशी वैर आहे ना? मग माझ्याशी करा! तिच्या जिवाशी कशाला खेळता?"

मास्तर दाढी करत होते. अर्ध्या चेहऱ्याला फेस तसाच ठेवून ते आले आणि रस्त्यावर गाडीखाली आडवे झाले. फिल्टरच्या कडेने रबर बाहेर आलेलं त्यांना दिसलं. फिल्टर हातानेच फिरला. तो घेऊन ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन रबरी रिंगा होत्या, एक नवी आणि एक चपटी, काळी पडलेली.

"साहेब, जुनी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती. तिच्यावरच नवा फिल्टर चढवलात. मग गळणारच की. आता ते राहू द्या. वहिनी, माझ्या गाडीत बसा."

साहेब मागच्या सीटवर बसले. दोन्ही रिंगा त्यांच्या मुठीत होत्या. दुसरी रिंग यानेच खिशातून काढली नसेल कशावरून, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण जुना फिल्टर आपण न बघताच टबात टाकला होता, हे त्यांना आठवलं.

"डोळे दाखवून घ्या एकदा," पुढून बायको म्हणाली.

"एका रिंगेवरून?"

ती मागे न बघताच म्हणाली, "तुम्ही माझ्या गोळ्या डबीत लावता ना, त्या दोन महिने झाले मी परत तपासते. तुम्ही अंघोळीला गेलात की."

साहेब पुढे झुकले. "चुकल्या होत्या?"

"दोनदा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कुणी तपासलेलं चालत नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच साहेबांना जास्त लागलं. एकतीस वर्षं माणसांच्या तोंडावर त्यांच्या खोट्या मापांचा पंचनामा केला. आणि हिने मात्र त्यांची चूक गुपचूप सुधारली, डबी जागच्या जागी ठेवली आणि त्यांच्याच हातून गोळी घेतली, रोज. त्यांना लाज वाटली, आणि भीतीही.

मास्तरांनी मान वळवली नाही. सिग्नलला त्यांनी उगाच काच पुसली.

"आजच्या पाहिल्यास?" बऱ्याच वेळाने साहेबांनी विचारलं.

"पाहिल्या. आजच्या बरोबर होत्या."

साहेबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, पण डोळे भरून आलेले मास्तरांना आरशात दिसलेच.