चित्रातला तहानलेला

निजामाच्या अमदानीत उदगीर स्टेशनवर एक ख्रिस्ती माणूस मडकं घेऊन प्रवाशांना पाणी पाजायला बसायचा. फुकट देतोय म्हणजे बाटवायलाच आलाय, असं आम्ही धरून चाललो होतो.

"यात काय कालवलंस?" मी एकदा विचारलं. तो तांब्याला तोंड लावून घोटभर प्याला. आता तांब्या उष्टा झाला, मग तर कुणीच शिवेना.

मडक्यामागं एक चित्र टेकवलेलं होतं. त्यात एकजण भुकेल्याला भाकर देत होता, दुसरा तहानलेल्याला पाणी.

"ह्यात तू कोणता?"

त्यानं तहानलेल्यावर बोट ठेवलं. "ह्यो. मला हितं कुनी पानी देत न्हाई, मालक."

हीही युक्तीच असेल, असं वाटलं. तरी मी माझ्या तांब्यातून त्याच्या ओंजळीत वरूनच धार धरली.

चित्रातल्या माणसानं मात्र तांब्या तहानलेल्याच्या ओठांना लावला होता.