पाण्याची पाळी आणि एक इंग्रजी वाक्य

हर्षालीच्या मळ्यातली विहीर दोन घरांची आहे. एक दिवस त्यांची मोटार चालते, एक दिवस शेजारच्या रावजीकाकांची. झेंडू सुकायला लागला आणि पाळी नसताना पाणी घ्यावं लागलं, तर समोरच्या ओट्यावर जाऊन सांगायचं, ‘आज तुमचं पाणी घेतलं.’ पुढच्या पाळीला फिटंफाट होते. पण न सांगता घेतलेलं पाणी मखमलाबाद गावात कुणी विसरत नाही.

एम.ए.ला हर्षाली आम्हा सगळ्यांचं इंग्रजी तपासायची. ‘बिल्ड्स अपॉन’ भारदस्त दिसतं म्हणून पायल ते निबंधात कुठेही घालायची. पायल नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली, हर्षालीची सगळ्यात जवळची मैत्रीण. एकदा मळ्यात आली तेव्हा हर्षालीने तिला विहिरीच्या काठावर बसवून समजावलं, की या शब्दांनंतर ज्याच्या कामावर आपण उभे आहोत त्याचं नाव यायला हवं, आणि त्यावर आपण काय नवं रचलं तेही. “ओट्यावर जाऊन सांगण्यासारखंच आहे हे,” ती म्हणाली. पायलने मान डोलावली आणि वेणीसाठी शेवंती मागितली.

त्या हिवाळ्यात हर्षाली पहाटे रावजीकाकांच्या घरच्या सरुबाईकाकूंबरोबर फुलं खुडायला जाई. खुडताना बायका म्हणतात ती गाणी मोबाइलवर घेई, घरी उतरवून प्रत्येकाखाली स्वतःचं टिपण लिही. पीएच.डी. यावरच करायची होती. प्रवेश मिळाला तर लग्नाचं नाव काढणार नाही, असं घरच्यांनी कबूल केलं होतं. पायलने एकदा सगळं ऐकायला, वाचायला मागितलं. हर्षालीने त्याच दिवशी पाठवून दिलं.

प्रवेशाच्या मुलाखतीत समितीतल्या बाईंनी तिच्यापुढे एक छापील लेख सरकवला. गाणी तीच, टिपणांतली वाक्यंसुद्धा तीच. लेखिका पायल. पहिल्याच परिच्छेदात ‘धिस पेपर बिल्ड्स अपॉन’, पुढे दोन परदेशी अभ्यासकांची नावं आणि आपण त्यात काय भर घातली ते. त्या वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

बाई समजुतीने बोलल्या. प्रस्ताव चांगला आहे, पण काम आधी झालेलं दिसतं. माझा अभ्यास या लेखावर उभा आहे असं एक वाक्य घाल आणि सोमवारी आणून दे, नाहीतर नक्कल ठरेल. रेकॉर्डिंग माझं आहे, असं हर्षाली म्हणाली, तेव्हा त्यांनी विचारलं, कुठे छापलंय का?

पायल कॉलेज रोडला भेटली. चिडली नाही, घाबरलीही नाही. सांगणारच होते, राहून गेलं, म्हणाली. मग म्हणाली, “गाणी काय तुझी आहेत का गं? बायकांची आहेत.” आणि थोडं हसून, “वाक्य बघ ना. तू शिकवलंस तसंच आहे. चुकलंय का कुठे?”

“नाही. वाक्य बरोबर आहे,” हर्षाली म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.

मळ्यात सरुबाईकाकू फुलांचे क्रेट रचत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टाक की तिचं नाव, शिक्षण तर होईल, म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, “आमचं नाव हाय का त्यात कुठं?”

“नाही, काकू.”

“मंग ती आमच्या बी ओट्यावर आली नाय.”

रविवारी हर्षालीने वाक्य लिहिलं. ‘धिस स्टडी बिल्ड्स अपॉन’, आणि पुढे सरुबाई आणि बरोबरच्या बायकांची नावं, गावासकट. पायलचं नाव घातलं नाही. तिच्या कामावर हर्षालीने काही रचलेलं नव्हतं.

सोमवारी बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि प्रस्ताव परत केला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.

घरात आता स्थळांची बोलणी तिच्यासमोरच होतात. पहाटे ती अजूनही खुडायला जाते. काकू गाणं सुरू करतात, बाकीच्या मागून म्हणतात, तीही म्हणते. मोबाइल मात्र घरीच ठेवते.