मोठी पिवळी अक्षरं

माझ्या आत्याला कापडगिरणीत सगळे 'रेडिओ' म्हणायचे. नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण चपखल पाडलं. एकदा सुरू झाली की पाळी संपेपर्यंत बंद व्हायची नाही. आता तुम्ही म्हणाल, गिरणीत बोलणार कसं? शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही तिथे. अगदी बरोबर. एका दालनात ओळीने माग, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतोय, पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. मी लहान असताना एकदा तिचा डबा द्यायला गेले आणि दारातूनच रडत मागे फिरले. पण त्या बायका बोलायच्या. आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून, चार माग पलीकडच्या मैत्रिणीशी. कुणाची सासू कशी आहे, मुकादम काल कुणाकडे बघत होता, आज डब्यात काय आहे, सगळं. पलीकडची लगेच तिथूनच उत्तर द्यायची. मुकादम मधून फेऱ्या मारायचा आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं, बायका मनातल्या मनात गाणी म्हणतायत.

या बोलण्याचा एक कायदा होता. जिला आपलं बोलणं कळू द्यायचं नाही, तिच्या देखत तोंडावर हात धरायचा. बस, एवढंच. त्या दालनात याहून मोठी शिवी नव्हती. एका बाईने आत्यासमोर असा हात धरला, तर त्या दोघी पुढे गिरणी बंद पडेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. हे सांगताना आत्याचा चेहरा अजूनही कडू व्हायचा.

नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ. मी त्याला दादा म्हणते. त्याला तिने त्या मागांवर उभं राहून वाढवलं, शिकवलं, ऑफिसातल्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं. त्याच्या शिक्षणापायी तिचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग माणसं. दादाने कानातलं यंत्र आणून दिलं होतं, नाही असं नाही. पण त्याने आवाज मोठा होतो, शब्द सुटे होत नाहीत. स्वयंपाकघरात चमचा पडला तरी तिच्या डोक्यात अख्खी गिरणी सुरू व्हायची. ते यंत्र आता कपाटाच्या खणात पडून आहे.

घरात सगळ्यांची समजूत अशी, की समोर उभं राहून ओरडलं तरच तिला कळतं. खरं म्हणजे ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात, त्याचा तिला उलट त्रासच. तिला कळायचं ते समोर उभं राहिल्यामुळे. आणि समोर म्हणजे नाकासमोरच असंही काही नाही, खोलीच्या त्या टोकाला उभं राहिलात तरी चालायचं. गिरणीच्या या गोष्टी दादाने लहानपणी तिच्या मांडीवर बसून ऐकल्या होत्या. पण मोठा माणूस तो, काय काय लक्षात ठेवणार!

तिचं खरं सुख म्हणजे संध्याकाळ. जेवणं आटोपली की सगळे टीव्हीसमोर बसायचे. मालिका चालायची आणि मालिकेपेक्षा जास्त तिच्यावरची चर्चा. या बाईने सही करायलाच नको होती, तो मेला दिसतोच लबाड, वगैरे. जुना टीव्ही होता, मागे कुबड आलेला. त्याच्या रिमोटवर एक बटण होतं, ते दाबलं की पात्रांचं बोलणं खाली अक्षरांत उमटायचं. त्या अक्षरांच्या जोरावर आत्या त्या खोलीत पुन्हा रेडिओ व्हायची. सगळ्यात मोठ्याने मत तिचं, सगळ्यात आधी लबाड ओळखणार तीच. दिवसभर मुलगा-सून कामावर, घरात बोलायला चिटपाखरू नाही. माणसांत बसण्याचे तेवढे दोन तास तिच्या वाट्याला होते.

मग नवा टीव्ही आला. कानामागून आला आणि तिखट झाला. दाराएवढा रुंद, वहीएवढा जाड, खाली केबलचा एक काळा खोका, रिमोट दोन. अक्षरं मात्र नाहीत. त्यात घरातल्यांना नादही लागला तो एका परदेशी मालिकेचा, जिच्यावर आपल्या भाषेतले आवाज चिकटवलेले. आत्याची पुरती पंचाईत झाली. बातम्या देणाऱ्याचे ओठ ती वाचायची, पण इथे ओठ एका भाषेत आणि आवाज दुसऱ्या.

"अगं, ती बाई तोंडाने काहीतरी भलतंच बोलते, आणि ही सगळी हसतात," ती मला म्हणाली. "यांच्यातलं कुणीतरी खोटं बोलतंय बघ."

मी रविवारी तिच्याकडे जाते. एका रविवारी मी टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत बसले. सगळे हसले की ती हसायची, पण जरा उशिरा. आधी दादाच्या तोंडाकडे बघायची, मग वहिनीच्या, मग हसायची. सगळे थांबले की घाईघाईने थांबायची. जिच्या तोंडापुढे मुकादमाचं काही चालत नव्हतं, ती माझी आत्या हसायची परवानगी मागत बसली होती. मला ते बघवेना.

"दादा, अरे हिची अक्षरं कुठे गेली?"

"नव्या टीव्हीत ती सोय नाही गं," तो म्हणाला. "मी सगळं बघितलं. टेक्नॉलॉजी बदलली आता."

जुन्यात होती आणि नव्यात नाही? म्हणजे पुढचं पाठ, मागचं सपाट! मी रिमोट घेऊन टीव्हीच्या मेन्यूत शिरले. सबटायटल्सची ओळ होती, पण फिकट पडलेली. कितीही दाबा, तिच्यावर ठिपका जाऊन बसेना. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" दादा म्हणाला, आणि त्याला बरं वाटलेलं मला दिसलं.

मी हट्टाला पेटले. टीव्हीच्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले खोकावाल्यांना विचारा. खोकावाल्यांनी कानांवर हात ठेवले, म्हणाले टीव्हीवाल्यांना विचारा. शेवटी आमच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या कारागिराने हातातला पेचकस खाली न ठेवताच सांगितलं.

"ताई, टीव्हीला छळून काही उपयोग नाही. पूर्वी अक्षरं टीव्ही स्वतः काढायचा. आता वायरमधून त्याला तयार चित्र येतं. अक्षरं खोक्यानेच चित्रावर चढवून पाठवायची असतात. खोक्याचा रिमोट घ्या, त्याच्या मेन्यूत जा, तिथे चालू करा. आणि हो, नव्या खोक्यात अक्षरं बारीक आणि पांढरी असतात. मोठी, पिवळी करून घ्या, मागे काळी पट्टी टाका. म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. दादा-वहिनी बाजारात गेले होते. आत्याला शेजारी बसवलं, खोक्याचा रिमोट घेतला आणि मेन्यूच्या पोटात शिरले. सापडलं! सबटायटल्स, आणि पुढे लिहिलेलं, बंद. मी टुणकन उडीच मारणार होते. तेवढ्यात खालच्या ओळी वाचल्या. आकार, मोठा. रंग, पिवळा. मागची पट्टी, काळी.

मी तर अजून काहीच बदललं नव्हतं.

म्हणजे कुणीतरी माझ्या आधी इथे येऊन गेलं होतं. म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येतील अशी अक्षरं कुणीतरी नीट लावली होती, आणि मग बंद केली होती. वहिनी या रिमोटच्या वाटेला जात नाही. मी वळून आत्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "टीव्ही आला त्याच आठवड्यात त्याने लावून बघितलं. मी इथेच बसले होते. तो तिकडे, स्वयंपाकघराच्या काचेपलीकडे. बायकोला म्हणाला, सगळं चित्र खराब दिसतं, एवढा चांगला टीव्ही घेऊन काय उपयोग. आईला सांगू, होत नाही म्हणून."

"आणि तू गप्प बसलीस? तू?"

"मग काय करू? झाकली मूठ सव्वा लाखाची. काचेपलीकडचं मला कळतं हे त्याला समजलं, तर तो उद्यापासून तोंड झाकून बोलेल." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "अक्षरं नसली तर मालिका कळत नाही, एवढंच ना? त्याने तोंड झाकलं तर मला घरच कळायचं नाही. तू काही बोलू नकोस हं. शपथ आहे माझी."

माझं डोकं फिरलं होतं. ज्याला बोलायला शिकवलं, त्याने तिच्या बहिरेपणाचा असा फायदा घ्यावा? पण शपथ घातली होती, म्हणून जीभ चावून बसले. 'बंद'चं 'चालू' केलं, एवढंच.

ते दोघं आले. पडद्याच्या तळाशी मोठी पिवळी अक्षरं बघून दादा पिशव्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "अरे वा! जमवलंस की!" त्याच्या त्या कौतुकाची मला शिसारी आली.

संध्याकाळी मालिका सुरू झाली आणि आत्या फुलली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर पडत होतं. ही त्याची बहीण होय? मला वाटलं बायको! आणि हा मेला डॉक्टर आहे, मी इतके दिवस त्याला खाटीक समजत होते! अक्षरं बोलण्याच्या जरा आधीच उमटतात, त्यामुळे पात्राचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हसायची. वहिनी वैतागली. "अहो आई, आम्हाला ऐकू तरी द्या! गंमत आधीच फोडता तुम्ही!" आत्याने हात जोडून माफी मागितली आणि पुढच्या वाक्याला परत आधी हसली.

मग दादा वहिनीकडे झुकला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मी त्याच्या शेजारी बसले होते, मला अक्षर ऐकू आलं नाही. आत्या खोलीच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीजवळच्या खुर्चीत. ती अजून हसतच होती. रंगात आली होती, गिरणीत यायची तशी. आणि गिरणीत जशी पलीकडच्या मागावरच्या बाईला उत्तर द्यायची, तसं तिने तिथूनच दिलं.

"परत 'होत नाही' असं नको सांगूस रे! एकच थाप दोनदा? ही घरी गेल्यावर नवीन काहीतरी शोध!"

पडद्यावरचे लोक बोलत राहिले. दादाचा चेहरा उतरला. वहिनीने खाली मान घातली. आणि आत्याचं हसू विरत गेलं, कारण आपण काय करून बसलो ते तिलाही तेव्हाच कळलं.

"तुला... तुला ऐकू आलं?" दादाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. खरं तेच सांगितलं तिने.

दादाने अक्षरं बंद केली नाहीत, तेवढी लाज होती. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं फुटलं ते. आता तरी हा नीट वागेल. आत्याची बाजू जिंकली असं मला घरी पोचेपर्यंत वाटत होतं.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा पिवळी अक्षरं जागच्या जागी होती. आत्या मात्र त्यांच्या आधी हसत नव्हती, नंतरही हसत नव्हती. जेवताना दादा अगदी गोड वागला. "आई, अजून वाढू का?" समोर येऊन, स्पष्ट, हळू. मग सगळे टीव्हीसमोर बसलो. मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडलं. दादाला वहिनीला काहीतरी सांगायचं होतं. त्याने आधी खिडकीजवळच्या खुर्चीकडे एक नजर टाकली, आणि मग सहज, मिशी पुसावी तसा, उजवा हात तोंडावर धरला. हाताआड तो बोलला. वहिनीने मान हलवली आणि तिनेही ओठांवर पदर घेतला.

त्याला तो गिरणीचा कायदा आठवत होता का, मला माहीत नाही. आठवत असेल तर वाईट, आणि नसेल तरी वाईटच. मी उठणार होते. एक सणसणीत ठेवूनच द्यावी असं वाटलं. पण आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

मग तिने टेबलावरचा खोक्याचा रिमोट उचलला. मी तिला शिकवलं होतं तशी ती मेन्यूत गेली, बोटाने एकेक ओळ खाली उतरत, आणि अक्षरं बंद केली. पडद्याचा तळ स्वच्छ झाला. चित्र खरंच सुंदर दिसत होतं.

"नकोत ती अक्षरं," ती म्हणाली. "डोळे चुरचुरतात माझे. मला काही फारसं कळत नाही रे आता, त्या दिवशी आपलं अंदाजाने बोलले."

असं म्हणून ती दादाकडे बघत राहिली. पडद्यावर कुणीतरी विनोद केला असावा, दादा आणि वहिनी हसले. ती जरा उशिरा हसली, आणि अजून त्याच्याकडेच बघत होती.

दादाने तोंडावरचा हात काढला नाही.